फ्रेजल व्हर्ब आणि मराठी विद्यार्थी : एका जुन्या प्रश्नाचा आढावा

मलकापूरहून नांदुऱ्याकडे जाताना महामार्गावर वडनेर भोलजी लागते. बुलढाणा जिल्ह्यातले हे गाव मुंबई-कोलकाता रस्त्यावर असल्यामुळे इथल्या बोलण्यात इंग्रजीचे बरेच तुकडे शाळेआधी रस्त्यानेच आले. ट्रक 'ब्रेकडाऊन' होतो, माल 'पिकअप'मध्ये भरून जातो, जुनी गाडी 'पिकअप घेत नाही', अकरावीचा 'कटऑफ' किती लागला याची चौकशी होते आणि अमक्याचा मुलगा इंजिनिअरिंगमधून 'पासआऊट' झाला हे पारावर कळते. हे सगळे मुळात इंग्रजीतले फ्रेजल व्हर्ब आहेत. तरीही 'ब्रेक डाऊन' क्रियापद म्हणून वापरून वाक्य लिहा म्हटले की दहावीचा विद्यार्थी अडतो. महाराष्ट्रातल्या कोणत्याही मराठी शाळेत हेच दिसेल. बोलण्यात रुळलेला शब्द वहीत का उतरत नाही आणि तो उतरावा यासाठी काय करावे, यावर गेल्या शंभर वर्षांत बरेच लिहिले गेले आहे. त्या चर्चेतला महाराष्ट्राच्या कामाचा भाग इथे एकत्र मांडतो आहे.

नाव आणि पूर्वपीठिका

साध्या क्रियापदाला 'अप', 'आऊट', 'ऑफ', 'डाऊन' असा एक छोटा शब्द जोडला की अर्थ पालटतो. 'गिव्ह' म्हणजे देणे, 'गिव्ह अप' म्हणजे सोडून देणे. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'पुट ऑफ' म्हणजे पुढे ढकलणे. परक्या माणसाला इंग्रजीत सगळ्यांत जड जाते ते हेच, असे सॅम्युअल जॉन्सनने १७५५च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले आहे. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव मात्र बरेच अलीकडचे. लोगन पिअर्सल स्मिथ यांनी १९२५ साली ते छापात आणले आणि ते सुचवल्याचे श्रेय ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले. १९७१ साली ड्वाइट बोलिंजर यांनी या एकाच विषयावर पुस्तक लिहिले. तिथून पुढे हा व्याकरणाच्या कडेचा विषय राहिला नाही.

मधला एक टप्पा आपल्याकडे फारसा आठवला जात नाही. सी. के. ऑग्डेन यांनी १९३० साली 'बेसिक इंग्लिश' मांडले. जगातल्या कोणालाही ८५० शब्दांत इंग्रजीचा व्यवहार करता यावा, हा त्यांचा हेतू. त्यात क्रियापदे फक्त १८. बाकीचे काम 'गेट', 'पुट', 'टेक', 'गो' यांना छोटे शब्द जोडून भागवायचे. त्यावर आक्षेप घेतला मायकेल वेस्ट यांनी. ढाक्याला राहून बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला शिकवण्याचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता. शब्दांची संख्या घटली म्हणून ओझे घटत नाही, हा त्यांच्या गटाच्या टीकेचा एक रोख होता. 'पोस्टपोन' हा एक शब्द पाठ करणे सोपे, की ओळखीच्या 'पुट'चा अनोळखी अर्थ लक्षात ठेवणे सोपे? आजच्या वादाचे बीज या प्रश्नात आहे आणि ते भारतीय उपखंडातल्या वर्गातून आलेले आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न कसा आला

मराठी माणसाने शंभराहून अधिक वर्षे इंग्रजी शिकली ती भाषांतरातून. तर्खडकरांची भाषांतर पाठमाला कित्येक घरांत वडिलांकडून मुलाकडे गेली. त्या पद्धतीत एका शब्दासमोर एक शब्द, एका वाक्यासमोर एक वाक्य असा हिशेब असे. 'एक्स्टिंग्विश' म्हणजे विझवणे, 'सरेंडर' म्हणजे शरण जाणे. लॅटिन वळणाचे असे शब्द या हिशेबात चपखल बसत. 'पुट आऊट' आणि 'गिव्ह इन' त्यात बसत नसत, कारण त्यांचा अर्थ संदर्भाप्रमाणे सरकतो. आपल्या जुन्या पिढीची इंग्रजी पुस्तकी वाटते त्याचे एक कारण मला यात दिसते.

पुढे पाचवीपासून इंग्रजी हा क्रम स्थिरावला. जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यात पहिलीपासून इंग्रजी आली. त्यानंतर जिल्हा परिषदेच्या शाळांतही सेमी इंग्रजीचे वर्ग पसरले, म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, बाकीचे मराठीतून. यामुळे फ्रेजल व्हर्ब भेटण्याची जागाच बदलली, आणि ही गोष्ट चर्चेत मागे राहते. सेमीच्या मुलाला तो इंग्रजीच्या तासाला भेटण्याआधी विज्ञानाच्या पुस्तकात भेटतो. वनस्पती कार्बन डायऑक्साइड 'टेक इन' करतात, ऑक्सिजन 'गिव्ह आऊट' करतात. पाचक रस अन्न 'ब्रेक डाऊन' करतात. प्रयोग 'सेट अप' करून 'कॅरी आऊट' करायचा असतो. तिथे शिक्षकांचे लक्ष प्रकाशसंश्लेषणाकडे असते, 'आऊट'कडे नसते, आणि ते स्वाभाविकही आहे.

तिसरी जागा स्पर्धा परीक्षेची. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या संयुक्त मुख्य परीक्षेच्या अभ्यासक्रमात इंग्रजीतले वाक्प्रचार आणि त्यांचा उपयोग हा घटक आहे. तलाठी भरतीच्या १०० प्रश्नांत २५ इंग्रजीचे असतात. नांदुरा-मलकापूरच्या कुठल्याही अभ्यासिकेत टेबलावर 'लुक आफ्टर : काळजी घेणे, लुक डाऊन अपॉन : तुच्छ लेखणे, लुक फॉरवर्ड टू : आतुरतेने वाट पाहणे' अशी हाताने लिहिलेली यादी सापडते. पिवळ्या मार्करने अर्धी यादी रंगवलेली असते. त्या मुलामुलींना चार पर्यायांतला बरोबर पर्याय ओळखता येतो, पण स्वतःच्या वाक्यात तो शब्द येत नाही.

यादी, छोटा शब्द की वारंवारता

शिकवावे कसे, यावर तीन मते ठळक आहेत.

पहिले मत यादीचे. फ्रेजल व्हर्ब हे वाक्प्रचारांसारखे, त्यात तर्क शोधू नये, पाठ करावे. या मताला आता कमी लेखण्याची पद्धत पडली आहे, पण त्याची बाजू लक्षात घ्यायला हवी. परीक्षा ओळखीची असते आणि ओळख पाठांतराने येते. एका वर्गात साठ मुले असताना शिक्षकाला झेपेल असा तो मार्ग आहे.

दुसरे मत छोट्या शब्दाकडे बोट दाखवते. सुसान लिंडनर यांनी १९८१च्या प्रबंधात 'अप' आणि 'आऊट' यांच्या अर्थांची जाळी उलगडून दाखवली. 'अप' म्हणजे वर. भांडे भरते तेव्हा पाणी वर काठाला येते, म्हणून 'फिल अप'मध्ये पूर्णत्व येते. तेच पूर्णत्व 'ईट अप', 'यूज अप', 'टेअर अप'मध्ये उतरते. हा धागा मुलाला दिला तर नवा शब्दही तो अंदाजाने सोडवील, अशी या मताची आशा. प्रयोगांचे निकाल मात्र एका दिशेचे नाहीत. हंगेरीतल्या विद्यार्थ्यांवर १९९६ साली कोव्हेचेश आणि साबो यांनी केलेल्या छोट्या प्रयोगात न शिकवलेल्या शब्दांतही फायदा दिसला. २००० साली फ्रँक बूर्स यांनी फ्रेंच भाषक विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात शिकवलेले शब्द अधिक लक्षात राहिले, पण तो फायदा नव्या शब्दांपर्यंत पोचला नाही.

तिसरे मत मोजणीचे. डी गार्डनर आणि मार्क डेव्हिस यांनी २००७ साली १० कोटी शब्दांच्या ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये फ्रेजल व्हर्ब मोजले. फक्त २० क्रियापदे आणि ८ छोटे शब्द यांच्या जोड्यांत निम्म्याहून थोडे अधिक वापर येऊन जातात, हे ऐकून शिक्षकाला हायसे वाटावे. पण त्याच अभ्यासाने हेही दाखवले की सगळ्यांत वापरातल्या १०० फ्रेजल व्हर्बांचे कोशातले अर्थ मिळून ५५९ होतात. २०१५ साली मेलोडी गार्निए आणि नॉर्बर्ट श्मिट यांनी १५० फ्रेजल व्हर्ब घेऊन त्यांचे खरोखर वापरातले २८८ अर्थ वेगळे काढले. बाजारातल्या गाइडमधली हजार-हजारांची यादी आणि हे २८८ अर्थ शेजारी ठेवले, तर मुलांचा किती वेळ कशावर जातो याचा अंदाज येतो. माझ्या मते या तीन मतांत तिसऱ्याचा पाया सगळ्यांत पक्का आहे. मात्र ते काय शिकवावे एवढेच सांगते, कसे शिकवावे ते सांगत नाही.

मराठीकडून पाहिले तर

या तिन्ही मतांत विद्यार्थ्याची स्वतःची भाषा जवळपास गैरहजर आहे. चौथे मत तिथून सुरू होते. ते अजून नीट मांडले गेलेले नाही, पण मला सगळ्यांत आशेचे वाटते.

मराठीत संयुक्त क्रियापद आहे. 'लिहून' हे एकच रूप घेऊ. फळ्यावरचे 'लिहून घे', आजीचा अर्ज 'लिहून दे', पत्ता विसरू नये म्हणून 'लिहून ठेव', राहिलेला गृहपाठ एकदाचा 'लिहून टाक', आणि रागाच्या भरात नको ते 'लिहून बसला'. मुख्य क्रिया तीच, पण दुसऱ्या क्रियापदाने कोणासाठी, कशासाठी, कोणत्या मनःस्थितीत हे सगळे सांगितले. 'घेणे', 'देणे', 'ठेवणे', 'टाकणे', 'बसणे' यांचे मूळ अर्थ इथे विरघळलेले आहेत. 'लिहून टाक' म्हणताना कोणी काही फेकत नाही. 'गिव्ह अप'मध्येही कोणी काही वर देत नाही. चौथीतल्या मुलाला ही गोष्ट न शिकवता येते.

कॉलिन मसिका यांनी १९७६ साली दक्षिण आशियाच्या भाषांना एकत्र बांधणाऱ्या लक्षणांत या रचनेची गणना केली. पीटर हूक यांनी १९७४ साली हिंदीतल्या संयुक्त क्रियापदांवर ग्रंथ लिहिला आणि पुढे मराठीशी तुलना करताना मराठीत त्यांचा वापर हिंदीपेक्षा कमी असल्याचे दाखवले. आपल्या व्याकरणकारांनीही यावर पुष्कळ खल केला. मोरो केशव दामले यांच्या १९११च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'पासून संयुक्त क्रियापद नेमके कशाला म्हणावे हा वाद चालू आहे. 'तो जेवून गेला' यात दोन क्रिया आहेत, आधी जेवला मग गेला. 'तो विसरून गेला' यात एकच. इंग्रजीतही हीच कसोटी आहे : 'ही रॅन अप द हिल' म्हणजे टेकडीवर धावत गेला, 'ही रॅन अप अ बिल' म्हणजे उधारी वाढवून ठेवली. दोन्ही भाषांतली ही वाक्ये एकाच तासाला फळ्यावर शेजारी शेजारी लिहिली तर मुलांना वेगळी व्याख्या द्यावी लागणार नाही.

काही जोड्या तर विलक्षण जुळतात. 'खाऊन टाक' आणि 'ईट अप', 'फाडून टाक' आणि 'टेअर अप', 'फेकून दे' आणि 'थ्रो अवे', 'पळून जा' आणि 'रन अवे', 'उठून बस' आणि 'सिट अप'. 'सोडून देणे' आणि 'गिव्ह अप' यांत तर दोन्हीकडे 'देणे'च आले आहे.

या मतावरचे आक्षेपही वजनदार आहेत. पहिला रचनेचा. इंग्रजीत क्रियापद गती कशी ते सांगते आणि छोटा शब्द दिशा सांगतो. मराठीत दिशा क्रियापदात असते. 'ही रॅन इन' याला आपण 'तो धावत आत आला' म्हणतो, 'धावणे' मागे पडते आणि 'येणे' पुढे येते. लेनर्ड टाल्मी यांनी १९८५पासून भाषांची जी विभागणी मांडली ती याच फरकावर उभी आहे. म्हणजे 'टाकणे' आणि 'अप' एकमेकांच्या जागी बसले तरी त्यांची घडण वेगळी.

दुसरा आक्षेप नकाराचा. 'तिने लाडू खाऊन टाकला' याचा नकार आपण बहुधा 'खाल्ला नाही' असा करतो, 'टाकणे' गळून पडते. इंग्रजीत 'अप' नकारातही टिकतो. तिसरा क्रमाचा. 'पुट इट ऑफ' बरोबर, 'पुट ऑफ इट' चूक. मराठीत 'खाऊनच टाक' किंवा 'देऊन तर टाक' इतकीच फट चालते. सर्वनाम मध्ये शिरत नाही. जोड्या जुळवून शिकलेला विद्यार्थी नेमका इथे 'पुट ऑफ इट' लिहील.

आणि वडनेर भोलजीसारख्या गावात चौथाही मुद्दा आहे, तो बोलीचा. प्रमाण मराठीत 'तो काम करत राहिला' म्हणजे थांबला नाही, करतच होता. इंग्रजीत 'कीप ऑन'. वऱ्हाडीत 'तो काम करून राहिला' म्हणजे तो आत्ता काम करतो आहे. 'काय करून राहिला बे?' या प्रश्नाचे उत्तर 'जेवून राहिलो' असे येते, त्यात 'सतत' असा अर्थ नाही. आता पुण्यात छापलेल्या गाइडमध्ये 'कीप ऑन : करत राहणे' असे दिले असेल, तर वऱ्हाडी मुलाच्या कानाला ते साध्या चालू काळासारखे ऐकू येण्याचा संभव आहे. मराठीचा आधार घ्यायचा तर कोणत्या मराठीचा, हा प्रश्न पुणे-मुंबईच्या चर्चेत येत नाही. बुलढाण्यात तो पहिल्याच तासाला येतो.

टाळण्याची सवय

विद्यार्थी फ्रेजल व्हर्ब चुकवतात त्याहून अधिक ते टाळतात, हे संशोधनातले एक महत्त्वाचे निरीक्षण. १९८५ साली डागुट आणि लाउफर यांनी हिब्रू भाषक विद्यार्थी फ्रेजल व्हर्बऐवजी एकपदी क्रियापद पसंत करतात असे दाखवले. कारण दिले ते मातृभाषेचे : हिब्रूत अशी रचना नाही. चार वर्षांनी हुल्स्टाइन आणि मार्चेना यांनी डच विद्यार्थी तपासले. डचमध्ये अशी रचना भरपूर आहे, तरीही आपल्या भाषेतल्यासारखा वाटणारा फ्रेजल व्हर्ब त्यांनी अविश्वासाने बाजूला ठेवला. १९९३च्या स्वीडिश अभ्यासात प्रगत विद्यार्थी टाळत नव्हते. २००४ साली लियाओ आणि फुकुया यांना चिनी भाषकांत पातळी वाढली की टाळणे कमी होते असे आढळले.

मराठी विद्यार्थी या चौकटीत कुठे बसतो? हिब्रूसारखा रिकामा तो नाही, डचसारखा समृद्धही नाही, मधल्या जागेवर आहे. शिवाय आपल्याकडे टाळण्याला आणखी एक कारण आहे : आदर. अर्जात 'पुट ऑफ'पेक्षा 'पोस्टपोन' भारदस्त वाटते, आणि शिक्षकही त्यालाच शाबासकी देतात. त्यामुळे मुलाने शब्द टाळला तो येत नाही म्हणून, की शोभत नाही म्हणून, हे वेगळे काढणे कठीण. परदेशी चाचण्या इथे जशाच्या तशा वापरता येणार नाहीत त्या यासाठी.

'पासआऊट' : चूक की आपली इंग्रजी?

वादाची दुसरी बाजू वापरातल्या शब्दांची आहे. 'आय पास्ड आऊट इन २०१९' असे आपल्याकडचा पदवीधर मुलाखतीत म्हणतो. अमेरिकन ऐकणाऱ्याला तो बेशुद्ध पडला असे वाटेल. ब्रिटिश इंग्रजीत बेशुद्ध पडण्याबरोबर लष्करी प्रशिक्षण पूर्ण करणे हाही अर्थ आहे. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतली 'पासिंग आऊट परेड' त्यातलीच, जिला मराठी वर्तमानपत्रे दीक्षान्त संचलन म्हणतात. लष्करातला अर्थ महाविद्यालयापर्यंत विस्तारला असे मानणे सयुक्तिक आहे. कार्यालयांत 'फाइल पुट अप करा' हेही असेच; कनिष्ठाने टिपणी लिहून वरिष्ठासमोर ठेवणे हा अर्थ मंत्रालयापासून तहसील कचेरीपर्यंत सगळ्यांना कळतो. 'कोप अप विथ'ची जात निराळी. तिथे 'अप' इंग्रजीत मुळात नाही, आपण 'कीप अप विथ'च्या चालीवर तो जोडला.

या सगळ्याला चूक म्हणायचे का? रँडॉल्फ क्वर्क यांनी १९९०च्या लेखात शिकणाऱ्यांपुढे एकच प्रमाण रूप ठेवावे अशी भूमिका घेतली. स्थानिक वळणांना वेगळी इंग्रजी म्हणून गौरवले तर नुकसान विद्यार्थ्याचेच, असे त्यांचे म्हणणे. श्रीनगरचे ब्रज कचरू यांनी पुढच्याच वर्षी त्याला उत्तर दिले : कोट्यवधी लोक पिढ्यान्‌पिढ्या एका पद्धतीने भाषा वापरतात तेव्हा ती त्यांची रीत असते, तिचे मोजमाप लंडनच्या पट्टीने करू नये. भारतीय आणि ब्रिटिश वापरांची शेजारी शेजारी नोंद करणारे निहालानी, टंग आणि होसाली यांचे पुस्तक १९७९ सालीच आले होते. निवाडा न करता दोन्ही रूपे समोर ठेवण्याची ती रीत शाळेला सर्वांत उपयोगी पडेल असे मला वाटते. भारतात 'पासआऊट' चालते, परदेशी अर्जात 'ग्रॅज्युएटेड' लिही, हे एका मिनिटात सांगता येते.

मराठीत येताना हे शब्द नाम होतात, हेही लक्षात घेण्यासारखे आहे. 'चेकअप करणे', 'फॉलोअप घेणे', 'बॅकअप ठेवणे', 'पॅकअप होणे'. जोडलेला छोटा शब्द नामात गोठतो आणि क्रियेचे काम मराठी क्रियापद करते. सुरुवातीला मांडलेल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर यात आहे. गॅरेजवरच्या पोराला 'ब्रेकडाऊन' हा शब्द वस्तूसारखा मिळालेला असतो. त्याचे भूतकाळी रूप 'ब्रोक डाऊन' होते, ही बातमी त्याच्यापर्यंत आलेली नसते, कारण मराठीत ते 'ब्रेकडाऊन झालं' म्हणून आधीच भागलेले असते.

काय उरले आहे

तीन गोष्टी अनिर्णित आहेत. संयुक्त क्रियापदाचा आधार घेतल्याने मराठी मुले खरेच लवकर शिकतात का, हे प्रत्यक्ष वर्गात तुलना करूनच ठरेल. सेमी आणि साधा मराठी असे दोन्ही वर्ग एकाच शाळेत असतात, त्यामुळे अशी तुलना जिल्हा परिषदेच्या शाळेतही शक्य आहे. विज्ञानाच्या पुस्तकातल्या फ्रेजल व्हर्बांची जबाबदारी विज्ञान शिक्षकाची की इंग्रजी शिक्षकाची, हे ठरलेले नाही, आणि एकशिक्षकी वा द्विशिक्षकी शाळेत तर हा प्रश्न वेगळ्याच रूपात उभा राहतो, कारण दोन्ही विषय एकाच माणसाकडे असतात. तिसरी गोष्ट गुणांची. उत्तरपत्रिकेत 'ही कोप्ड अप विथ द डिफिकल्टी' असे लिहिले तर अर्धा गुण कापायचा की नाही, याचे उत्तर आज तपासणाऱ्यागणिक बदलते. क्वर्क आणि कचरू यांचा वाद तिथे रोज निकाली निघतो, आणि त्याचा परिणाम सोसणाऱ्या मुलाला असा काही वाद आहे हेही कोणी सांगितलेले नसते.